उत्तरेची बाजू

नितीश, तो हेडलॅम्प माझ्या डोळ्यांवर मारू नकोस. बंदच कर. उद्या साउथ आयलंडला निघालाय, डोंगरात हटमध्ये राहणार, म्हणून सांगतो. सानिका, तू इंग्लिशमध्ये बोल हवं तर, पण ऐक मराठीत.

गोष्ट माझ्या मित्राची, जगदीशची. घरामागच्या ह्याच लाकडी डेकवर बसून त्याने मला सांगितली आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

काम साधंच होतं. शनिवार, चौदा जानेवारी दोन हजार सहा. शंतनूला जाऊन एक वर्ष झालं होतं. त्याची बायको सुलेखा जगदीशला म्हणाली, "भाऊजी, हटमधल्या वहीत त्याचं शेवटचं अक्षर आहे. त्या पानाचा फोटो आणाल का?" नाही म्हणायला जगदीशला तोंड नव्हतं.

अशा हटमध्ये वही असते. कोण आलंय, कुठून चढणार, कुठून उतरणार, सगळं लिहून निघायचं. माणूस परतला नाही तर त्यावरून शोधतात.

त्या डोंगराची धार पूर्व-पश्चिम आहे. दोन्ही अंगांना ग्लेशियर. हटपासून बर्फ तुडवत खिंडीत जायचं, मग खडकाचे तीन सुळके, आणि पुढे शिखरापर्यंत बर्फाची चिंचोळी कड. दुसऱ्या सुळक्यापाशी एक खाच आहे. जगदीश तिथून तीनदा परत फिरलेला. आठ वर्षं त्या धारेचा नकाशा त्याच्या बेडरूममध्ये लावलेला होता.

आणि पुण्याहून शंतनू इथे ऑकलंडला राहायला आला. उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा कोर्स केलेला, हिमालय पालथा घातलेला. सहा महिन्यांत आपल्या मराठी मंडळात त्याचे स्लाइड शो सुरू, आणि जगदीशची ओळख उरली 'शंतनूचा मित्र'. जगदीश जळायचा. हा त्याचाच शब्द, माझा नाही. शंतनूने आमरस दुसऱ्यांदा वाढून घेतला तरी जळायचा.

दोघं मिळून त्या धारेवर निघाले. हटवर पोचेपर्यंत जगदीशचा गुडघा टम्म सुजला. शंतनू म्हणाला, "तू पड, मी एकटा जाऊन येतो." म्हणजे जगदीशची धार आता दुसराच चढणार. शंतनूने वहीत इंग्लिशमध्ये तीन ओळी लिहिल्या. नाव आणि तारीख. चढाई धारेवरून. उतरणार दुपारी, उत्तरेच्या बाजूने. मग वही जगदीशपुढे धरली.

"इथला माझा पहिलाच मोठा चढ. उत्तरेची बाजू सावलीत असते ना रे?"

तिकडे भारतात असते. इथे सूर्य उत्तरेला. दुपारपर्यंत त्या बाजूच्या बर्फाचं पाणी होतं, वरून दगड सुटतात. इतकी वर्षं इथे काढलेल्या माणसाला हे झोपेतही ठाऊक असतं. जगदीश कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडला. झोप लागल्यासारखा. शंतनू मरावा असं त्याच्या मनात नव्हतं. मांडीपर्यंत रुतेल, भिजून येईल, जरा नाक खाली होईल, एवढंच.

शंतनू सापडला तो चार दिवसांनी, सुटलेल्या बर्फाखाली.

तर वर्षाने, त्या शनिवारी, जगदीश एकटाच हटवर. पानाचा फोटो काढला. तीन ओळी. कॅमेरा बॅगेत टाकला. संध्याकाळी सात वाजता रेडिओवर सगळ्या हटची हजेरी असते.

"किती जण?" खालच्या ऑफिसातून विचारलं.

"एक," जगदीश म्हणाला.

जरा खरखर झाली.

"ओके. दोघं. गुड नाइट."

चुकून म्हणाला असेल. जगदीशने मनाची समजूत घातली आणि झोपला.

रात्री दोनला जाग आली. वारा पडलेला. बाहेर लाकडी पायरीवर आवाज. बुटांखाली बांधतात ते लोखंडी दात, त्यांचा.

कड... कड...

दाराशी थांबला.

मग अगदी साध्या आवाजात...

"उत्तरेची बाजू सावलीत असते ना रे?"

जगदीशला ओरडायचं होतं. 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. तोंड उघडलं...

...

बाहेर कोणीतरी वाट बघत होतं.

...

मग पावलं निघाली. उत्तरेकडे.

सकाळी पायरीवर एक ओरखडा नव्हता. वहीत तेच पान, त्याच तीन ओळी. ऑकलंडला आल्यावर त्याने फोटोची प्रिंट काढून घेतली आणि पाकीट न उघडताच सुलेखाच्या हातात दिली. मी होतो तिथे. तिने फोटो खूप वेळ पाहिला, मग माझ्याकडे दिला.

तीन ओळी इंग्लिशमध्ये. खाली चौथी, मराठीत, शंतनूच्याच तिरक्या अक्षरात.

'जगदीशला विचारलंय.'

"काय विचारलं होतं त्याने, भाऊजी?" सुलेखा म्हणाली.

जगदीशने तोंड भिंतीकडे केलं.