खानावळी गेल्या कुठे?

“शंभू, त्या चिकट हातांनी कीबोर्डला हात लावू नकोस! शी! डिंक आहे का तो?” स्पृहा ओरडली.

“डिंक नाही ना बाप्पा, आंब्याचा रस आहे!” शंभूने बोटं चाटून दाखवली. तो दोन वर्षांपूर्वी अकोल्याहून कर्वेनगरात राहायला आला होता.

स्पृहाने तोंड वाकडं केलं. पण आज नखरे करायला वेळच नव्हता. तिची मंदाकिनीआत्या शब्दकोश तयार करत होती. एखादा शब्द जुन्या मासिकांत कधी आणि कसा वापरला गेला, याचा ती माग काढायची. सध्याचा शब्द होता ‘खानावळ’. नोकरी करणाऱ्या बायकांसाठी स्वातंत्र्याआधीही पुण्यात खानावळ होती, असं आत्या छातीठोकपणे सांगे. पुरावा मात्र सापडत नव्हता, आणि कोशाचे संपादक तिला हसत होते. तिघं बसले होते त्या वाचनालयाने जुने अंक स्कॅन करून संगणकावर चढवले होते. मूळ अंक आज रद्दीत निघाले होते, आणि खाली टेम्पो भरत होता!

स्पृहाच्या वर्गातल्या अभिनवने संगणकावर शब्द टाकला. १९३५पर्यंत खानावळीच खानावळी! त्यापुढे एकही नाही.

“छत्तीस सालापासून पुण्यात कोणी जेवलंच नाही की काय?” तो चक्रावला.

“पुणेकरच ना? सगळ्यांना ‘जेवूनच आला असाल’ म्हटलं असेल!” शंभू खिदळला.

स्पृहाने छत्तीस सालचं एक पान मोठं करून पाहिलं आणि किंचाळलीच. खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चिरडलेलं झुरळ! पंख फाकलेले, पोटातला पिवळट लगदा बाहेर आलेला. तिने घाईघाईने पुढचं पान काढलं. तिथेही तेच झुरळ! पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढेही तेच, तीच एक मिशी तुटलेली!

“स्कॅनरच्या काचेवर मेलंय ते,” अभिनव नाक दाबत म्हणाला. “कोणी पुसलंच नाही!”

“आणि हे मासिक खानावळींच्या जाहिराती नेहमी त्याच कोपऱ्यात छापायचं,” स्पृहा म्हणाली. “झुरळाखालचं संगणक वाचणार कसं?”

तिला त्या किड्याची किळस आलीच, पण न बघता काम उरकणाऱ्या माणसांची त्याहून जास्त आली.

तिघं धडधडत खाली गेले. आत्या वाचनालयाचे चिटणीस श्रीनिवासराव यांना विनवत होती. “अहो, निदान आठवडाभर थांबा!”

“मंदाकिनीताई, सगळं संगणकावर आहे. बद्रीनाथ, टेम्पो काढ!”

झुरळाचं सांगितलं तर ‘एखादं पान खराब असेल’ म्हणून ते उडवून लावणार, हे स्पृहाने ओळखलं. तिने अगदी साळसूद चेहरा केला.

“काका, ही पानं तुम्ही स्वतः तपासलीत?”

“म्हणजे काय? एकूण एक!” श्रीनिवासरावांनी छाती फुगवली.

“रोज जेवणाआधी की नंतर?” असं विचारत तिने निघताना पडद्याचे मोबाइलवर काढलेले फोटो त्यांच्यापुढे धरले. एक पान, दुसरं, तिसरं...

श्रीनिवासरावांनी तोंडाला रुमाल लावला. बद्रीनाथने टेम्पोची किल्ली काढून खिशात टाकली.

“छान!” आत्या कडाडली. “सबंध शहराचं जेवण एका झुरळाने खाल्लं, आणि आपण त्याला ‘तपासले’ म्हणून सही दिलीत!”

गठ्ठे टेम्पोतून उतरले. धुळीने शिंका देत तिघांनी छत्तीस सालापासूनचे अंक चाळायला घेतले. उंदरांच्या लेंड्या होत्या, कुबट वास होता, तरी स्पृहा थांबली नाही. आणि अडतीस सालच्या एका पानाच्या खालच्या कोपऱ्यात तिचं बोट थबकलं.

“नोकरीपेशा स्त्रियांसाठी स्वतंत्र खानावळ,” तिने मोठ्याने वाचलं. “उशीर झाल्यास ताट झाकून ठेवू.”

आत्याने चष्मा काढला. तो पदराने पुसून पुन्हा लावला आणि जाहिरात स्वतः वाचली.

श्रीनिवासराव ओशाळून म्हणाले, “मला ‘काका’ म्हणू नका रे, पोरांनो. अक्कल तुम्हाला जास्त आहे.”

“ते दिसलंच,” आत्या म्हणाली आणि तिघांना जवळ ओढून घेतलं, शंभूच्या चिकट हातांसकट. “शाबास! आता कोशात या शब्दापुढे तुमचीही नावं छापणार. मग संपादकांना म्हणावं, हसा!”