सकाळची मुलगी

त्या दिवशी मी रोजच्यासारखी जन्मनोंद करायला बसले होते. आखातातल्या हमद टाउनमधल्या आमच्या छोट्या प्रसूतिगृहात ते काम माझ्याकडे असतं. लग्नानंतर फार वर्षांनी नाझिशला मुलगी झाली होती. मी तिला हातातही घेतलं होतं, कोमट, हलकी. नोंद झाली आणि थोड्याच वेळात सिस्टिम बंद पडली.

पुण्याचा सलील दुरुस्तीला आला, तेव्हा बाहेर धुळीचं वादळ उठलं होतं. भर दुपारी खिडक्या तपकिरी झाल्या होत्या. सर्व्हरच्या खोलीत तापलेल्या वायरींचा वास येत होता.

"काळजी नको, नीलमताई. काल रात्रीचा बॅकअप आहे. तोच रिस्टोर करतो."

"आणि आज सकाळचं?"

"ते लॉगमध्ये असतं, बॅकअपनंतरच्या नोंदींच्या फाइलमध्ये. आधी लॉग वाचवून घ्यायचा, मग रिस्टोर. उलटं केलं की सकाळ गेली!" तो हसला. "पण तुमचा चहा त्याच्याही आधी."

तेवढ्यात मॅनेजर फारुख दारात आले. "और कितना टाइम, सलील? बाहर पेशंट खड़े हैं. यल्ला, यल्ला!"

सलीलने घाईत बटण दाबलं. मग त्याचा हात तसाच राहिला.

"ताई... लॉग राहिला."

"मग थांबव की!"

"आता नाही थांबत... त्याच्यावरच लिहिलं जातंय."

स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकत होती. भिंतीपलीकडे नाझिशची मुलगी रडत होती. पट्टी सरकेल तसं ते रडणं बारीक झालं... लांब गेलं... पट्टी भरली, आणि नुसता एसीचा आवाज उरला.

मी धावत गेले. पाळणा रिकामा होता, चादरीची घडीही मोडलेली नव्हती. नाझिश पलंगावर बसली होती. तिचं पोट पुन्हा वर आलेलं होतं.

"दर्द अब शुरू हुआ है, दीदी."

"नाझिश... बच्ची कुठंय?"

नर्स भक्ती हसली. "ताई, आत्ताच तर ॲडमिट झालीय ती. तुम्हालाच भारी घाई!"

मी मागे वळले. सलील दारात उभा होता, पांढराफटक. आम्हा दोघांनाच ते आठवत होतं.

संध्याकाळी नाझिशला मुलगा झाला. फारुखनी खजूर वाटले.

घरी निघताना मी तिच्या खोलीत डोकावले. मुलगा दूध पिऊन पाळण्यात झोपला होता. नाझिशने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. तिचा दुसरा हात वाकवलेला होता, आणि त्या रिकाम्या कुशीकडे बघत ती झुलत होती.

"बड़ीवाली सुबह से भूखी है, दीदी..."

तिच्या छातीवरची ओढणी, कुणी चोखत असल्यासारखी, हळूहळू आत ओढली जात होती.