सातवी ओळ

काल संध्याकाळी दुकानाच्या संगणकावरच्या तक्त्यातल्या सातव्या ओळीत 'मी बोलतोय. बुधवारी सकाळी जमेल का तुला, डॉक्टर' असं लिहिलेलं होतं. पुढचं चौकटीत मावत नव्हतं, म्हणून दिसत नव्हतं. आज सकाळी त्याच ओळीत, त्याच फोन नंबरापुढे, दोनच छोटी वाक्यं होती: 'काही नाही. राहू दे.'

भिंगनं डोळे बारीक करून पुन्हा वाचलं. प्रत्येक गोष्ट नाकाशी नेऊन बघायच्या सवयीमुळेच तिला घरी भिंग म्हणत. सुट्टीत ती आणि तिचा भाऊ तोफ मामाकडे आले होते. मामा व्हायोलिन आणि गिटार दुरुस्त करायचा. सकाळी तक्ता वाचून दाखवायचं आणि संध्याकाळी संगणक बंद करायचा, हे काम त्यानं भिंगला दिलं होतं.

"मामा, ही ओळ रात्रीतून बदललीय!"

"ओळी कशा बदलतील?" व्हायोलिनच्या पोटाला सरस लावता लावता मामा म्हणाला.

"भूत!" तोफ गरजला. "लिहिता-वाचता येणारं भूत!"

"आणि शाळेत नाव घातलेलं," पुरवणीनं जोडलं. ती मामाची मुलगी. कोणी काही बोललं की तिची पुरवणी ठरलेली.

मामा हसला. "अरे, इथे भुताला काय, माणसालाही करण्यासारखं काही उरलेलं नाही! दुकानाचा फोन मी उचलतच नाही. गिऱ्हाइक निरोप ठेवतं, यंत्र तो ऐकून अक्षरांत उतरवतं आणि क्लाउडवरच्या तक्त्यात भरतं. एक ओळ कोड लिहिला नाही मी. नुसती चौकटीला चौकट जोडली."

"क्लाउडवर? म्हणजे पाऊस पडला की तक्ता खाली येतो?"

"तोफे, गप! भिंग, काय लिहिलंय त्या ओळीत?"

"काही नाही. राहू दे."

मामाचा ब्रश थांबला. त्यानं येऊन नंबर पाहिला आणि तोंड फिरवलं.

"तोच. मोठा भाऊ आमचा. दर थोड्या दिवसांनी फोन करायचा आणि म्हणायचं काय, तर राहू दे! अजून तोच ताठा. ठीक आहे. दुपारी जुन्या सामानवाला येतोय. त्याचं बाकडं देऊन टाकतो, जागा तरी मोकळी होईल."

खिडकीजवळचं ते बाकडं मुलांना चांगलं ठाऊक होतं. मोठे मामा तिथे बसून काम करायचे तेव्हा त्यांचं मनगट जिथे टेकायचं तिथलं लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. एका गिऱ्हाइकाच्या महागड्या व्हायोलिनमधली बारीक चीर काम करताना त्यांच्या हातून वाढत गेली, दोघा भावांत कडाक्याचं भांडण झालं आणि मोठे मामा निघून गेले. मामानं आपल्या मोबाइलवर त्यांचा नंबर अडवून ठेवला. भिंगची आई, म्हणजे या दोघांची ताई, दर वेळी म्हणायची, "एक फोन कर त्याला." मामा दर वेळी म्हणायचा, "बघू."

मामा तारा आणायला बाहेर पडला तशी तिघांची बैठक भरली.

"काल ओळीत बुधवार होता आणि डॉक्टर होते. मी स्वतः वाचलंय," भिंग म्हणाली.

"तुला झोप आली असेल," तोफ म्हणाला.

"संध्याकाळी? मला?"

"मग बाबांनी बदललं असेल," पुरवणी म्हणाली.

"ते ओळ ऐकून चिडले. स्वतः लिहिलेल्यावर कोणी चिडतं का?" भिंगनं नखानं टेबलावर टकटक केली. "पहिला निरोप गेला कुठे? प्रयोग करून बघू. पुरवणी, मामीचा जुना फोन आण."

तोफेनं दुकानाचा नंबर लावला आणि खणखणीत आवाजात निरोप ठेवला, "माझी गिटार बुडाली आहे!" थोड्याच वेळात तक्त्याच्या तळाशी नवी ओळ उगवली: 'माझी गिटार बुडाली आहे.' तिघांनी टाळ्या पिटल्या. मग त्याच फोनवरून त्यानं दुसरा निरोप ठेवला, "आज जेवायला काय आहे?"

तिघं पडद्याकडे टक लावून बसली. नवी ओळ आलीच नाही. आधीच्याच ओळीतली गिटार पुसली गेली आणि तिथे जेवण आलं.

"खाल्ली! यंत्रानं माझी गिटार खाल्ली!"

पुरवणीनं भराभर चौकटींचं पान उघडलं. पहिली चौकट निरोप घ्यायची, दुसरी आवाजाची अक्षरं करायची, तिसरी तक्ता भरायची. तिसऱ्या चौकटीत बाबांनी निवडलेला पर्याय तिनं मोठ्यानं वाचला: 'नंबर आधीपासून असेल तर तीच ओळ बदला. नसेल तर नवी ओळ जोडा.'

"एका गिऱ्हाइकाच्या दहा ओळी नकोत म्हणून त्यांनी हे निवडलं असणार," ती म्हणाली.

"म्हणजे मोठे मामा संध्याकाळी काहीतरी सांगतात," भिंग सावकाश बोलू लागली, एकेक दुवा तपासत. "मग त्यांना संकोच वाटतो. पुन्हा फोन करून म्हणतात, राहू दे. आणि मामा सकाळी वाचतो तेव्हा तेवढंच उरलेलं असतं."

कोणीच हसलं नाही.

"अक्षरं गेली, पण आवाज?" तिनं विचारलं. "आवाज कुठे साठतो?"

आवाजांचा वेगळा कप्पा होता. जुने आवाज आपोआप पुसले जात होते, पण अलीकडचे शिल्लक होते. पुरवणीनं नंबर शोधला आणि त्यातला सगळ्यांत जुना निरोप लावला.

"मी बोलतोय," मोठ्या मामांचा आवाज आला. "सोबत कोणी नव्हतं म्हणून त्यांनी ऑपरेशन न करताच परत पाठवलं रे. काचबिंदू आहे. पुढची तारीख घेतलीय. त्या वेळी तरी येशील का? ताईला कळवू नकोस, ती उगाच धावत येईल."

त्याच्या पाठोपाठचा निरोप: "काही नाही. राहू दे."

त्यानंतरचा बराच पुढच्या तारखेचा होता. "डाव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळतो. ते काही परत येत नाही म्हणतात. त्या व्हायोलिनचं... मला ती चीर दिसलीच नव्हती रे. तेव्हाच सांगायला हवं होतं. लाज वाटली."

पुन्हा, "राहू दे."

आणि कालचा: "मी बोलतोय. बुधवारी सकाळी जमेल का तुला, डॉक्टर उजवा डोळा करणार आहेत. सोबत कोणी नसेल तर या वेळीही करणार नाहीत."

तोफेचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "बुधवार म्हणजे उद्या!"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. जुन्या सामानवाले काका आणि मामा एकदमच दारात आले. काकांनी बाकड्याचा एक पाय हलवून पाहिला. "लाकूड नंबरी आहे, साहेब. धरा त्या बाजूनं."

तोफ धावत जाऊन बाकड्यावर आडवाच झाला.

"खाली उतर!" मामा ओरडला.

"माझी पाठ धरलीय!"

"मामा, आधी ऐक. तुझ्या यंत्रात चूक आहे," भिंग म्हणाली.

"यंत्रात? चूक? शक्यच नाही!"

भिंगला वाटलं होतं, तो लगेच ऐकेल. पण तो लाकूड आवळायचा क्लॅम्प बाजूला सारून बाकडं धरायला वाकलासुद्धा. तेवढ्यात पुरवणी पुढे झाली.

"बाबा, लावा पैज! तुमच्या मोबाइलवरून दुकानाला दोन निरोप ठेवा. दोन्ही तक्त्यात दिसले, तर बाकडं आम्ही स्वतः टेम्पोत चढवू."

"तोफेसकट," भिंग म्हणाली.

"लावा साहेब, लावा!" काका रंगात आले. "मीही बघतो तुमचं यंत्र."

आता मामाला माघार घेता येईना. त्यानं ऐटीत दोन निरोप ठेवले. एकात म्हणाला, "व्हायोलिन तयार आहे," दुसऱ्यात म्हणाला, "काका साक्षीदार आहेत." तक्त्यात काका तेवढे आले. व्हायोलिनचा पत्ता नव्हता.

"माझं नाव राहिलं हो!" काका खूश झाले. पण मामाच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरत गेलं. त्यानं वळून सातव्या ओळीकडे पाहिलं.

"याच्या आधी... काही होतं?"

भिंगनं दुकानातला मोठा स्पीकर जोडला. वाद्यांचा स्वर तपासायला मामा तोच वापरायचा. मोठ्या मामांचा आवाज खोलीभर पसरला. भिंतीवरच्या एका गिटारची तार त्या आवाजानं किंचित थरथरली. भिंगनं ते पाहिलं आणि मग मामाकडे पाहायचं टाळलं.

'मला ती चीर दिसलीच नव्हती रे' हे आलं तेव्हा मामा बाकड्याच्या कडेवर बसला. गुळगुळीत लाकडावर त्याचा हात आपोआप गेला.

"मी त्याला म्हणालो होतो, तुझं कामात लक्ष नाही," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर म्हणालो होतो. लक्ष होतं त्याचं. दिसत नव्हतं त्याला."

"याच्याही आधीचे निरोप असतील," भिंग हळूच म्हणाली. "ते पुसले गेलेत. आम्ही शोधले, नाही मिळाले."

"पहिल्या तारखेलाही बोलावलं असेल त्यानं मला. तेव्हा गेलो असतो तर..." मामा म्हणाला. डाव्या डोळ्याचं जे गेलं होतं, ते आता कोणत्याच कप्प्यात सापडणार नव्हतं.

जुन्या सामानवाल्या काकांनी बाकड्याचा पाय सोडला आणि हात झटकले. "माझी फेरी फुकट गेली, पण चांगली गेली. पोरं हुशार आहेत हो तुमची."

"हुशार आहेतच," मामा म्हणाला. त्यानं तिघांना जवळ ओढलं. तोफेला त्यासाठी बाकड्यावरून उठावं लागलं. "मी दिवसभर वाद्यांना कान लावून बसतो. आणि माझ्याच भावाचा आवाज तुम्ही ऐकलात, मी नुसता वाचत बसलो. शाबास रे पोरांनो! भिंग, तुझ्या डोळ्यांना तर..." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"यंत्र दुरुस्त करू का, बाबा? एक पर्याय बदलायचाय फक्त," पुरवणी म्हणाली.

"कर. पण फोन यापुढे मीच उचलणार."

त्यानं मोबाइल काढला आणि अडवलेला नंबर मोकळा केला. बोट त्या नंबरावर तसंच थांबलं. आता 'बघू' म्हणतो की काय, अशी भीती भिंगला वाटली.

त्यानं नंबर लावला. घंटी बराच वेळ वाजत राहिली.

"कोण?" पलीकडून आवाज आला. त्यांना पडद्यावरचं नाव वाचता आलं नव्हतं.

मामानं फोन दोन्ही हातांनी धरला. पलीकडे वाट पाहणारा श्वास ऐकू येत होता.

"कोण आहे? काही नसेल तर राहू दे..."

"राहू नाही द्यायचं, दादा," मामा म्हणाला. "चुकलं माझं. मी येतोय. उद्या तुझ्याबरोबर, आणि डोळा बरा झाला की तू माझ्याबरोबर, आपल्या दुकानात."