उसनं आईपण

“आई, छबुमावशी माझ्यासंगं शिंपले येचाया येती म्हनती,” सहा वर्षांच्या तेजश्रीनं मागून येऊन ताराबाईच्या गळ्यात हात टाकले, आणि भाकरी थापता थापता ताराबाईचा हात परातीतच थांबला... कारण दारात उभी असलेली तिची धाकटी बहीण छबू, तीच त्या लेकराची जन्मदाती होती!

छबू नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायची. अंगावर पितं लेकरू फडाच्या थंडीत कुठं न्यायचं, म्हणून तिनं ते मूलबाळ नसलेल्या ताराबाईच्या ओटीत घातलं. ते रडायचं थांबावं म्हणून ताराबाई “मी हाय ना तुजी आई” म्हणत थोपटायची. पुढं हंगाम संपवून छबू परत आली, तरी ते खोटं काही ताराबाईला मागं घेववेना. पुढच्या हंगामाला छबूला पुन्हा जायचंच असे, म्हणून लेकरू तिथंच राहिलं; ती दरवर्षी येई, मावशी म्हणवून घेई आणि दुःख मुकाट गिळून टाकी. ताराबाईचं मन तिला खात होतं... पण त्या हाकेचा मोह कसा सुटावा?

यंदा मात्र छबूनं कोयता सोडला होता. पाटोद्याला नवऱ्याला बारमाही काम लागलं होतं, आणि ती लेकीला न्यायलाच आली होती.

धरणाचं पाणी उन्हानं मागं हटलेलं. मायलेकी गाळात बसून शिंपले वेचत होत्या, ताराबाई काठावर उभी. एवढ्यात शिंपल्याची धार तेजश्रीच्या बोटाला लागली. छबूनं हात पसरले... पण लेकरू त्या हातांना ओलांडून रडत ताराबाईला येऊन बिलगलं.

छबूनं हळूच हात खाली घेतले. “राहू दे आक्का. तुज्यापशीच राहू दे तिला. मी येत जाईन वर्षाला.”

खोटं कशाला बोलावं, ताराबाईला क्षणभर आनंदच झाला! आणि लगेच त्या आनंदाची तिला इतकी शिसारी आली, की तिला बहिणीकडं बघवेना.

“तेजू, ही मावशी न्हाई. ही तुजी आई हाय. मीच तुला खोटं सांगितलं.”

“आक्का, कशाला...”

“गप बस छबे. लई गिळलंस तू.”

तेजश्रीनं छबूकडं पाहिलं, मग मान वर करून ताराबाईकडं.

“मंग तू कोन?”

ताराबाईनं लेकराचे हात आपल्या कमरेवरून सोडवले आणि छबूच्या हातात दिले.

“मी... तुजी मावशी हाय बाई,” ती म्हणाली.