रिकाम्या थिएटरचा घुमारा

राजन दातार त्या संध्याकाळी फुगे आणायला बाहेर पडले होते.

उल्हासकाकांनी गोष्ट इथून सुरू केली. दुबईतल्या अल नहदा भागातली अकराव्या मजल्यावरची बाल्कनी. जेवणं उरकलेली, आतला दिवा शुभ्राने मुद्दाम घालवलेला. ती, तिचा भाऊ वेदांग आणि कॉलेजातली दोन-चार पोरं फरशीवर बसली होती. काका म्हणाले, दातार माझ्या चांगल्या ओळखीचे. ध्वनिशास्त्राचे प्राध्यापक. खोटं बोलणं सोडाच, खरं बोलतानासुद्धा आधी 'बहुधा' लावणारा माणूस. तारीख १४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार. त्रिपुरी पौर्णिमेच्या आदली रात्र.

"फुगे? बर्थडे होता का?" वेदांगने विचारलं.

कोपऱ्यावरच्या दुकानदारानेही दातारांना हेच विचारलं होतं. त्यांनी नुसतीच मान हलवली, पाच लाल फुगे घेतले, घरी येऊन फाटलेला तर नाही ना म्हणून एकेक ताणून पाहिला. मग पुन्हा पाहिला. स्वभावच तसा. गॅस बंद केला का हे बघायला लिफ्टमधून दोनदा परत येणारा माणूस.

हॉलचा आवाज मोजायचा तर फुगा फोडतात. फट्. मग त्याचा घुमारा किती सेकंदांत विरतो ते यंत्र सांगतं. हॉल रिकामा असेल तर आवाज भिंतीभिंतींवर आपटत राहतो, तीन-तीन सेकंद. माणसं असतील तर लवकर मरतो, कारण माणूस आवाज पितो. दातार वर्गात सांगायचे, ध्वनीच्या हिशेबी माणूस म्हणजे भिंतीतली एक छोटी उघडी खिडकी. आवाज तिच्यातून निघून जातो आणि परत येत नाही.

काम दिलं होतं नीरवने, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने. शारजात एक जुनं थिएटर होतं. ("नाव नाही सांगत," काका म्हणाले. "मालकाला गिऱ्हाईक मिळायचं नाही.") सत्तरच्या दशकात कुणा इटालियन कंत्राटदाराने बांधलेलं. सरकणाऱ्या छपराचं, त्यांच्या देशात असायचं तसं. आता नीरवच्या कंपनीला त्याचा लग्नाचा हॉल करायचा होता. त्याआधी एकदा आवाज मोजून हवा होता. बाहेरच्या गाड्यांचा आवाज मधे येऊ नये म्हणून रात्री. आणि इटलीतल्या जुन्या थिएटरांवर पीएच. डी. केलेला मराठी माणूस नीरवला दुसरा कुठे मिळणार?

दातार नाही म्हणणार होते. वय एकाहत्तर, उजव्या कानात मशीन. पण छपराचा फोटो पाहिला आणि हो म्हणून बसले.

इटलीतल्या तोरिनोत ते तीन वर्षं होते. नवीन लग्न, स्कॉलरशिप बेताची, धुकं हाडात शिरणारं. खोली गरम ठेवणं परवडत नसे, थिएटर परवडे. लाकडी घडीच्या खुर्च्या, विटलेली लाल मखमल, सिगारेटचा धूर. उन्हाळ्यात मध्यंतराला छप्पर घरघरत सरकायचं, धूर वर निघून जायचा आणि डोक्यावर चांदण्या दिसायच्या. दातार घुमारा मोजायचे. त्यांच्या पत्नी सुमेधाताई शेंगांसारखे भाजलेले चेस्टनट सोलत सिनेमा बघायच्या.

तिथे तेव्हा एक रीत होती. खेळ दुपारपासून रात्रीपर्यंत सलग चालायचा आणि कुणीही कधीही आत यायचं. छोटा टॉर्च घेतलेली बाई अंधारात जागा दाखवायची. अर्धा सिनेमा बघायचा, शेवट बघायचा, मग सुरुवात. आणि आपण ज्या प्रसंगाला आत आलो होतो तो पुन्हा आला की उठायचं. दातारांच्या तो प्रसंग कधी लक्षात राहत नसे. सुमेधाताईंच्या बरोबर राहायचा. त्या त्यांच्या मनगटावर बोटाने दोनदा टिचकी मारायच्या. टक्, टक्. म्हणजे इथेच आलो होतो, चला आता. दातार उठून हातमोजे राहिले का म्हणून मागे वळून बघत बसायचे, तर त्या पाठीला हात लावून पुढे ढकलायच्या, "मी आहे ना मागे, चला."

"सो स्वीट," शुभ्रा म्हणाली.



सुमेधाताई तीन वर्षांपूर्वी गेल्या, दुबईतल्या एका हॉस्पिटलात. पहाटे चारला. तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. त्यांनी दातारांच्या मनगटावर दोनदा टिचकी मारली. दातारांना वाटलं, पाणी हवंय. ते उठले, पॅसेजमधून कागदी कपात पाणी घेऊन आले. तेवढ्यात...

कुठल्याही थिएटरातून ती दोघं एकेकटी बाहेर पडली नव्हती. दातार म्हणायचे, "इथे तिने 'चला' म्हटलं, आणि मी पाणी आणायला गेलो. ती एकटीच उठून गेली." हे त्यांनी मला किमान शंभरदा सांगितलं असेल, काका म्हणाले. आणि दर वेळी शेवटी विचारायचे, "बहुधा तसंच असेल ना रे?" 

तर गुरुवारी रात्री साडेदहाला नीरव त्यांना गाडीतून घेऊन थिएटरवर पोचला. वॉचमन इद्रीसने कुलूप काढलं. अकराला बंद करणार, म्हणाला. आणि विचारलं नसतानाही म्हणाला, "अंदर कुछ नहीं है साहब. कुर्सियाँ भी दो महीने पहले उठ गईं."

खरंच काही नव्हतं. उघडं काँक्रीट. उतरती जमीन, त्यात खुर्च्यांच्या बोल्टांची भोकं, ओळीने. पडदाही काढलेला. छपराची एक फट गंजून उघडीच राहिली होती, तिच्यातून चांदण्याचा पट्टा जमिनीवर पडला होता. दातारांनी नीरवला बाहेर थांबायला सांगितलं. मोजणीच्या वेळी हॉलमध्ये जितकी कमी माणसं तितकं बरं. दार लागलं. यंत्र सुरू केलं, ते सगळं रेकॉर्डही करत होतं.

पहिला फुगा. आवाज भिंतींवर आपटत राहिला. तीन पूर्णांक चार सेकंद. रिकाम्या हॉलचा असायला हवा तितकाच. दातारांना बरं वाटलं. अजून येतं आपल्याला.

एक आकडा पुरत नाही, म्हणून दुसरा फुगा. दोन पूर्णांक सहा.

चुकलं काहीतरी. फुगा लहान फुगवला असेल. पण घुमारा फुग्यावर ठरत नाही, हॉलवर ठरतो, हे त्यांनी तीस वर्षं शिकवलं होतं. त्यांनी बॅटरी तपासली. कानातलं मशीन काढून पुसलं. आणि नको असताना डोक्यात हिशेब झालाच. एवढा फरक पडायला हॉलमध्ये दीडशे माणसं हवीत.

त्यांनी टॉर्च फिरवला. भोकं. काँक्रीट. कुणी नाही.

तिसरा फुगा. एक पूर्णांक नऊ.

पावणेचारशे.

माणसं येत होती. खेळ सुरू असताना. मधूनच. जशी यायची तशी.

नीरवला हाक मारावी असं त्यांना वाटलं. मारली नाही. हाक किती लवकर विरेल, ते ऐकायची भीती वाटली.

चौथा फुगा फुगवताना श्वास पुरेना. दोनदा सुटला. मग कशीबशी गाठ मारली. टाचणी लावली.

फट्... आणि संपलं.

एक पूर्णांक दोन.

हा आकडा त्यांना पाठ होता. प्रबंधातला. तोरिनो, रविवार संध्याकाळ, सगळ्या खुर्च्या भरलेल्या.

 ते मागे रेलले आणि बसले. श्वास घेतला. हात मांडीवर ठेवले.

मग लक्षात आलं.

खुर्च्या... दोन महिन्यांपूर्वीच गेल्या होत्या.

 बाल्कनीखाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला.

दातार हलले नाहीत. पाठीशी लाकूड होतं. कोपरांखाली मखमल. धुराचा वास. उतारावरून प्रकाशाचा एक छोटा गोळा खाली येत होता, जमिनीलगत, सावकाश. त्यांच्या ओळीपाशी थांबला. कुणीतरी आत सरकलं. शेजारी बसलं.

भाजलेल्या चेस्टनटचा वास.

मान वळवायची नाही, हे त्यांना कसं कळलं ते त्यांनाही सांगता आलं नाही. भीती होती. पण भीतीपेक्षा एक दुसरंच मोठं होतं. बसून राहावं. नाहीतरी घरी कोण आहे? अकराला इद्रीस कुलूप लावेल. लावू दे.

बहुधा बराच वेळ गेला.

मग मनगटावर...

टक्. टक्.

ते बसूनच राहिले. "थांबू या ना थोडं," ते म्हणाले. मराठीत. मोठ्याने.

पुन्हा. या वेळी जोरात. टक्. टक्.

तेव्हा त्यांना समजलं. पाणी नको होतं तिला. हॉस्पिटलातही ती हेच सांगत होती, तुम्ही उठा, पुढे चला.

ते उठले. हातमोजे नव्हते, तरी सवयीने मान वळायला लागली. पाठीवर हाताचा दाब आला. हलकाच. त्यांनी मान सरळ केली आणि चढ चढून दारापर्यंत गेले. यंत्र तिथेच राहिलं. पाचवा फुगाही.

बाहेर नीरव फोनवर बोलत होता. अकराला चार मिनिटं कमी होती. दातार म्हणाले, झालं काम, यंत्र तू आण. परतीच्या वाटेवर नीरवने दोनदा विचारलं, "सर, बरं वाटतंय ना?" त्यांनी मान हलवली. घरी आल्यावर गॅस बघायला उठले नाहीत. तीन वर्षांत पहिल्यांदा सलग झोपले.

"मग ते स्वप्नच असेल," वेदांग म्हणाला. "लो शुगर वगैरे. या वयात होतं."

"त्यांनाही तसंच वाटलं," काका म्हणाले. "शनिवारपर्यंत."

शनिवारी सकाळी नीरवचा फोन आला. रिपोर्टसाठी त्याने रेकॉर्डिंग ऐकलं होतं. आधी आकड्यांबद्दल बोलला, यंत्र बहुधा बिघडलंय म्हणाला. मग थांबला. मग विचारलं, "सर, आत तुम्ही एकटेच होतात ना?"

दातार म्हणाले, का?

त्याने फाइल पाठवली. चौथा फुगा फुटतो. पुढे सात मिनिटं काहीच नाही. मग दातारांचा आवाज, "थांबू या ना थोडं." उत्तर नाही. आणि मग... घडीची लाकडी खुर्ची असते ना, माणूस उठला की तिची बैठक आपोआप वर जाऊन पाठीवर आपटते. तो आवाज.

खट्.

बोल्टांची भोकं असलेल्या त्या उघड्या काँक्रीटवर.

काकांनी खिशातून फोन काढला, बघितला, आणि पालथा घालून ठेवला.

"एकाच खुर्चीचा?" शुभ्राने विचारलं.

 काकांनी बोटाने बाल्कनीच्या कठड्यावर एकदा वाजवलं.  आणि अगदी तसंच, लगेच मागोमाग, पुन्हा एकदा.