दुर्बिणीतला सुलटा माणूस

यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचायचं असतं तर भूत रात्री आणलं असतं.

आमच्याकडं ते दुपारी चार वाजता आलं. लख्ख उन्हात. काकू पापड वाळत घालत होती.

साल १९८६, महिना एप्रिल. जागा औरंगाबाद, हर्सूलच्या बाजूला असलेल्या आमच्या घराचं मागचं अंगण. हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून सगळ्या शहराच्या माना वर होत्या. मी बी.एस्सी.ला नापास होऊन घरी बसलो होतो. नामांतराचं आंदोलन चालू होतं, त्यामुळं मी नेमका कोणत्या नावाच्या विद्यापीठात नापास झालो हे अजून ठरायचं होतं.

श्रीधरकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. चिकलठाण्याला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. त्यानं ठरवलं, दुर्बीण घरीच करायची.

भिंग चष्म्याच्या दुकानातून आणलं. एक नंबरचं, गोल, न कापलेलं. दुकानदारानं विचारलं, "दुसऱ्या डोळ्याचं नको का?"

काका म्हणाला, "पेशंटला एकच डोळा आहे."

नळी बोअरच्या कामातून उरलेल्या पीव्हीसी पाइपची. आतून फळ्याचा काळा रंग दिला. डोळा लावायचं बारकं भिंग जुन्या बाजारातल्या एका फुटक्या दुर्बिणीतून काढलं. पुढं पुठ्ठ्याची चकती, मधे भोक पाडून. ती नसली की चंद्राला जांभळी किनार यायची, लुगड्यासारखी.

राहिला स्टँड.

"भिंग कसंही चालेल," काका म्हणायचा. "स्टँड हलला की गुरू ग्रह नाचतो."

फोटोवाल्याची तिपाई आणली. गुरू नाचला. मग काकूच्या शिलाई मशीनचा सांगाडा लावला. गुरू थांबला, पण काकू नाचली.

तेवढ्यात सर्जेराव आला.

सर्जेराव आमच्या गल्लीतला जमिनीचा दलाल. बाबांच्या रोजच्या चहाचा सोबती. सावंगीच्या रस्त्याची एक जागा त्यानं कारखान्याला विकली होती. त्या जागेत एक बंद पडलेली विहीर होती. येत्या सोमवारी मुरूम टाकून ती बुजवायची होती.

"तिच्या रहाटाचं चाक हाय की, श्रीधरपंत," सर्जेराव म्हणाला. "लोखंडी. बोटानं फिरतंय. घेऊन जा. नाहीतर भंगारातच चाललंय."

चाक खरंच देखणं होतं. काकानं दोन दगडी खांबांमधे त्याचा आस बसवला आणि चाकाला नळी आवळली. करंगळीनं वर जायची, करंगळीनं खाली यायची. सोडली तिथं थांबायची.

एक दिवस थांबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाक आपणहून फिरलं.

कर्र... कर्र... कर्र...

विहिरीत दोर सोडावा तसा आवाज. काकू आतून म्हणाली, "पाणी कोण काढतंय?"

आमच्याकडं नळ आहे.

आम्ही कान देऊन थांबलो. दोर सुटत होता... सुटत होता...

बादली पाण्याला लागल्याचा आवाज आलाच नाही.

"तेल घालायला पाहिजे," काका म्हणाला आणि नळी हर्सूल जेलच्या बुरुजाकडं वळवली. उजेडात लांबची वस्तू बघून दुर्बीण जुळवून घेतात. आमच्याकडं लांबची वस्तू जेलच होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अशा दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. ताऱ्यांना त्याचा फरक पडत नाही. जेलला पडतो.

बुरूज उलटा. झाडं उलटी. पहारेकरी बंदुकीसकट वटवाघळासारखा लटकलेला. आणि त्याच्या शेजारी...

एक माणूस सुलटा.

लाल पटका. धोतर. दोन्ही हात डोक्याच्या वर. पटक्याचा शेमला वर ताठ उभा, धोतराचा सोगा वर गेलेला.

वारा अजिबात नव्हता.

मी नळी शेजारच्या पाण्याच्या टाकीकडं फिरवली. टाकी उलटी... तो सुलटा. लिंबाच्या झाडाकडं फिरवली.

तिथंही तोच.

काका घाबरला, पण ड्राफ्ट्समन माणूस, पद्धतशीर घाबरला. भूत दुर्बिणीच्या कोणत्या भागात आहे ते त्यानं शोधायला घेतलं. पुढचं भिंग बदललं. होता. डोळ्याचं भिंग बदललं. होता. चकती काढली. तो जास्त उजेडात दिसला. शेवटी नळी चाकावरून सोडवून पापडांच्या बाजेवर ठेवली.

गेला.

पुन्हा चाकावर चढवली.

आला.

मग काकानं कागदावर त्याचं चित्र काढलं. बराच वेळ बघितलं. आणि कागद फिरवून उलटा धरला.

डोकं खाली. हात खाली लोंबलेले. पटक्याचा शेमला खाली लोंबलेला.

आता सगळं बरोबर लोंबत होतं.

"हा उभा नाहीये," काका म्हणाला. "ह्याला उलटं सोडलंय."

त्याच वेळी सखूबाई दूध घेऊन आली.

सखूबाई धनगराची. सर्जेरावानं विकलेली ती जागा आणि ती विहीर मूळची तिच्या नवऱ्याची, बिरूची. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीच्या आठवड्यात बिरू नाहीसा झाला. सर्जेराव गावभर सांगायचा, "जमीन मला विकली, मीच त्याला पुण्याच्या एस.टी.त बसवला. तिथं दुसरी बाई केलीय त्यानं." आठ वर्षं झाली. नवरा मेला की पळाला हे सखूबाईला कळलेलं नव्हतं. कपाळावर कुंकू असायचं आणि तोंडात त्याला शिव्या.

तिनं किटली खाली ठेवली. चाकावर हात फिरवला.

"हे आमच्या इहिरीचं चाक."

काकानं चित्राचा कागद पाठीमागं लपवला.

"काय दिसतंय ह्यात?"

"काही नाही गं, चांदण्या," काकू घाईनं म्हणाली.

"दिवसा?"

तिनं डोळा लावला. हलली नाही. किती वेळ गेला कोण जाणे, किटलीवर माश्या जमल्या.

"दंडाला कडं हाय," ती म्हणाली. आवाज एकदम सपाट. "आठ वर्सं शिव्या घातल्या मी ह्याला. रोज. भाकर थापताना."

काकूनं तिचा खांदा धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"त्या आठवड्यात यष्टी कुठं चालू व्हती ओ? बंद व्हत्या समद्या. मी तवाच म्हणले. कुणी ऐकलं नाय."

काका पोलिसांत गेला. हवालदारानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "प्रेत कोणत्या ग्रहावर आहे?"

बाबांनी काकाला झापलं. "दुर्बिणीत दिसलं म्हणून विहीर उपसतात का? गप्प बस. सोमवारी बुजेल, विषय संपेल."

सखूबाईनं ते ऐकलं. "सोमवारी माझ्या नवऱ्यावर कारखाना उभा राहील," ती काकाला म्हणाली. "धाकले मालक, सर्जेरावाला बोलवा. धूमकेतू दावा त्याला."

रविवारी दिवेलागणीला सर्जेराव आला. पांढरेशुभ्र कपडे, तोंडात पान.

"शेपूट दिसंल का, श्रीधरपंत?"

"बघा की," काका म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

सखूबाई लिंबाखाली बसली होती. बाबा मागच्या दारात उभे होते.

सर्जेरावानं डोळा लावला.

"अंधार हाय नुसता... थांबा... गोल काहीतरी... पाणी हाय का हे?"

कर्र...

चाकाला कोणी हात लावला नव्हता. नळीचं पुढचं तोंड वर जायला लागलं. पुढचं वर गेलं की डोळ्याचं टोक खाली येतं, बघणाऱ्याला वाकावं लागतं. सर्जेराव वाकला.

कर्र... कर्र...

आणखी वाकला. गुडघ्यावर आला. मला वाटलं, किती मन लावून बघतोय.

मग दिसलं, तो दोन्ही हातांनी नळी ढकलत होता.

डोळा सुटत नव्हता.

"सोड..." तो म्हणाला. पान गळून सदऱ्यावर पडलं. "बिरू, सोड रे..."

नळी उभी झाली आणि पलीकडं कलली. सर्जेरावाचं डोकं फरशीला टेकलं. पाय... मी शपथेवर सांगतो, त्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले. ऐंशी-नव्वद किलोचा माणूस. लेंगा पोटऱ्यांवरून गुडघ्यांपर्यंत घसरला.

"मी एकटा नव्हतो!" सर्जेराव किंचाळला. "बिरू, मी एकटा नव्हतो रे!"

चाक थांबलं.

तो धप्पकन पडला, उठला, डोळ्याभोवती ओली गोल खूण. कोणाकडं न बघता अनवाणी चालत गेला. त्याला थांबवावं असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही. नळीतून पाणी ठिबकत होतं. हिरवं, शेवाळाच्या वासाचं.

मागच्या दारात बाबा नव्हते.

सोमवारी सकाळी मुरमाचा ट्रक विहिरीपाशी गेला. ड्रायव्हरनं आत डोकावलं आणि ट्रक तिथंच सोडून पळाला.

पाण्याच्या वर दोन पाय होते.

बिरूसाठी आठ वर्षांत कोणी बादलीभर पाणी उपसलं नव्हतं. सर्जेराव पडला मोठा माणूस. त्याच्यासाठी जीप आली, मोटर आली, विहीर तळापर्यंत कोरडी केली. त्याचं डोकं गाळात रुतलं होतं, आणि तो सुटेना म्हणून गाळही काढला.

त्याच्या खाली दुसरा निघाला. नुसती हाडं. डोकं खाली, घोट्यांना दोराचा तुकडा, दंडाला चांदीचं कडं.

सखूबाई काठावर उभी होती. कडं तिनं लांबूनच ओळखलं. तिथंच पदरानं कुंकू पुसलं आणि मान खाली घालून म्हणाली, "चुकलं माझं. लई बोलले तुला."

पोलिसांनी लिहिलं, सर्जेराव पाय घसरून पडला. आमच्या अंगणात राहिलेल्या त्याच्या चपला कोणी विचारल्या नाहीत. काका धूमकेतू बघायचं विसरला. पुढचा शहात्तर वर्षांनी. काका म्हणतो, थांबू.

मला वाटलं, संपलं.

दहाव्याचं आटोपलं आणि सखूबाई पुन्हा दूध घालायला लागली. कपाळ रिकामं, तोंडात शिव्याही नाहीत.

"माझा नवरा मेंढरू खांद्यावर टाकून डोंगर चढायचा," ती काकाला म्हणाली. "सर्जेरावाच्यानं तो एकट्यानं आवरला नसता. तो बोलला ते तुमीबी ऐकलं."

"ऐकलं," काका म्हणाला.

"मग चाक ऱ्हाऊ द्या अंगणात."

तेव्हापासून ती एकेकाला घेऊन येते. गोड बोलून, हाताला धरून. सर्जेरावाचा भागीदार आला. बघितलं, जेल उलटा दिसला, हसत गेला. कोपऱ्यावरचा वाणी आला. पिशोरहून सर्जेरावाचा मेहुणा आला, घाम पुसत, पण धडधाकट परत गेला. गल्लीतल्या सगळ्या बाप्यांनी डोळा लावून झालाय. मी लावला. काकानं शंभरदा लावला.

बाबांनी लावलेला नाही.

आधी म्हणाले, चष्मा सापडत नाही. मग म्हणाले, डोळे आलेत. आता अंगणाकडचं दार ते उघडू देत नाहीत, आणि जेवताना पाण्याचा तांब्या ताटाजवळ ठेवला की सरकवून लांब करतात.

काल संध्याकाळी दूध ओतून झाल्यावर सखूबाई उंबऱ्याशी थांबली.

"थोरले मालक हायत का घरात?"

मी म्हणालो, "नाहीत."

आतल्या खोलीत बाबा दिवा न लावता बसले होते. त्यांचा श्वास मला दारापर्यंत ऐकू येत होता. म्हणजे तिलाही येत असणार.

तिनं किटलीला झाकण लावलं. माझ्या खांद्यावरून आत बघितलं.

"असू द्या," ती म्हणाली. "उद्या येते. दूध तर रोजच घालायचं हाय."