कॅल व्हेदर्बीचं पिस्तूल

"टोस्टला लोणी लावायचं की बंदुकीचं तेल, एवढं या घरात एकदा ठरलं म्हणजे मी सुटलो," ऑरिन बशीकडे बघत पुटपुटला. नॅडीनला ऐकू जावं इतकं मोठ्यानं, पण भांडण लागू नये इतकं हळू. लग्नाला पुरेशी वर्षं झाली की हे माप आपोआप जमतं.

नॅडीननं मान वर केली नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हिरव्या बनातीचा तुकडा अंथरून ती कॅल व्हेदर्बीचं पिस्तूल पुसत होती. पुसत होती, घासत नव्हती. जुन्या लोखंडावर चढलेला तपकिरी रंग म्हणजे त्याचं वय. तो घासून काढणारा माणूस तिच्या लेखी दरोडेखोरापेक्षा वाईट.

"शनिवारपर्यंत सोस," ती म्हणाली. "मग हे संग्रहालयात जाईल आणि तू सुखानं लोणी खा."

व्हायोमिंगमधल्या ड्राय फोर्क गावात व्हेदर्बीची गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ होती. घोडे पळवणारा, टपालगाड्या लुटणारा कॅल व्हेदर्बी तबेल्यामागच्या बोळात सापडला. त्यानं आधी पिस्तूल उपसलं, गोळी झाडली, ती चुकली. गावच्या कायद्याचा रखवालदार, मार्शल टोबायस क्रेल, याची चुकली नाही. मेलेल्याच्या मुठीतून हे पिस्तूल काढून घेतलं, तेव्हा त्यात पाच काडतुसं होती आणि त्यांतलं एक उडालेलं. सिलिंडरमधलं काडतुसाचं सहावं घर रिकामं असायचंच. त्या काळी शहाणा माणूस पिस्तुलाचा घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवी, नाहीतर खोगिरावर चढताना आपलीच मांडी फुटायची.

मार्शल क्रेल हे नॅडीनचे पणजोबा. गावची शाळा त्यांच्या नावाची, मोठा रस्ता त्यांच्या नावाचा, आणि आता शनिवारी संग्रहालयाचं नवं दालनही त्यांच्या नावानं उघडणार होतं. लिलाव आणि बाजार पालथे घालून नॅडीननं अर्धं आयुष्य त्या काळातली हत्यारं जमवली ती या एका दिवसासाठी. पणजोबांची रायफल, त्यांचा बिल्ला, आणि सगळ्यांच्या मधोमध व्हेदर्बीचं पिस्तूल. ते मात्र शोधावं लागलं नव्हतं. ते घरातच होतं.

दुपारी गस लिंडहोम आला. शेजारच्या काउंटीतला संग्राहक, नॅडीनचा जुना मित्र आणि लिलावातला जुना वैरी. नॅडीननं रिवाजाप्रमाणे पिस्तुलाची बारीक झडप उघडली, सिलिंडर फिरवून सहाही घरं रिकामी दाखवली आणि मूठ त्याच्याकडे केली. त्यानं डोळ्यांदेखत पाहिलेलंच पुन्हा स्वतः फिरवून पाहिलं. 'मी बघितलं, आता तू बघ' हा या लोकांचा रामराम.

"मार्शलीणबाई, एक सांग," गस म्हणाला. "व्हेदर्बीची चुकलेली गोळी गेली कुठे? तबेल्याची ती भिंत अजून उभी आहे. लहानपणापासून बघतोय मी. खिळ्यांची भोकं आहेत, उंदरांची आहेत, गोळीचं नाही."

"आभाळात गेली असेल."

"म्हणजे मार्शल समोर असताना गडी कावळे मारत होता."

दोघं हसली. मग गसनं पिस्तूल बनातीवर ठेवलं, नळी स्वतःकडे करून. दोन्ही हात खांद्यांच्या वर उचलले, तळवे उघडे. क्षणभर तसाच उभा राहिला. मग हात खाली घेऊन त्यानं कॉफी मागितली.

नॅडीनला ते आवडलं. बोटांचा घाम जुनं लोखंड खातो. काही रीतीची माणसं हत्यार ठेवल्यावर तळवे दाखवतात, की बघा, उगाच चोळलं नाही. उतारवयात का होईना, गसला रीत आली म्हणायची.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या बाई आल्या, बरोबर फोटो काढणारा एक जण. काचेच्या पेटीत दिवा कुठे हवा हे सांगता सांगता बाईंनी पिस्तूल खाली ठेवलं आणि हात वर केले. वाक्य तुटलं नाही. हात वर, आणि तोंडानं दिव्याचं चालूच. नंतर त्या माणसानंही तेच केलं. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

ती दोघं गेल्यावर स्वयंपाकघरात ओल्या गवताचा आणि घोड्याच्या मुताचा वास येत होता. नॅडीननं खिडकी उघडली. बाहेर कोरडा वारा, सेजची करडी झुडपं आणि ऑरिनची बंद पडलेली गाडी. घोडा कुठेच नव्हता.

भिऊन बसणाऱ्यांतली ती नव्हती. खोटी बंदूक विकायला आलेल्या भल्याभल्यांना तिनं दारातून परत पाठवलं होतं. या गोष्टीलाही तिनं तसंच जोखायचं ठरवलं. गसला पुन्हा बोलावलं, त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि एकाच बनावटीची तीन पिस्तुलं एकामागून एक त्याच्या हातात दिली.

"लग्नात असले खेळ खेळतात," गस म्हणाला. "ऑरिनला माहीत आहे ना?"

पहिलं त्यानं चाचपलं, खाली ठेवलं. दुसरंही. तिसरं, व्हेदर्बीचं, ठेवलं आणि हात वर गेले.

"काय करतोयस, गस?"

"कुठे काय?"

"हात बघ."

त्यानं फडकं सरकवलं. चुकून दुसऱ्याचाच कोट अंगात घातल्यासारखा तो आपल्या हातांकडे बघत राहिला. कॉफी अर्धी टाकून उठला. जाताना एकही टोमणा मारला नाही, आणि नॅडीनला त्याचीच जास्त काळजी वाटली.

जेवताना तिनं ऑरिनला सगळं सांगितलं. त्यानं काटा खाली ठेवला.

"तूही करतेस, नॅडी."

"मी?"

"दर वेळी. पुसून झालं की. मला वाटायचं, तुझी काही प्रार्थना असेल."

"आणि इतकी वर्षं तोंडातून शब्द काढला नाहीस?"

"काय काढणार? तेव्हाचा तुझा चेहरा..."

"चेहऱ्याचं काय?"

"मीठ दे जरा," ऑरिन म्हणाला. मीठ त्याच्याच कोपरापाशी होतं.

आयव्हा आत्या वृद्धाश्रमात होती. मार्शलच्या नातवंडांतली ती शेवटची. संधिवातानं तिचे हात इतके जखडले होते की चमचासुद्धा दुसऱ्यानं भरवावा लागे. नॅडीननं तिला पीचची गोड कुस्करी भरवली आणि विचारलं, "आत्या, शनिवारी पहिल्या रांगेत बसशील ना?"

"बसेन. पण ते माझ्याजवळ आणू नकोस."

"का गं?"

"खांदे दुखतात."

"आत्या, त्या बोळात नक्की काय झालं? आजोबा, म्हणजे तुझे बाबा, लहान होते, पण तबेल्यात होते ना तेव्हा? तुला काही बोलले असतील."

आत्यानं मानेनंच चमचा दूर सारला. "तुझे आजोबा फार कमी बोलायचे, पोरी. आम्हीही विचारत नसू. चांगलं घर होतं आमचं."

परत येताना नॅडीननं गाडी तबेल्यापाशी थांबवली. भिंतीवरून हात फिरवत ती बोळाच्या टोकापर्यंत गेली. खिळ्यांची भोकं होती. गाडीत बसून तिनं स्वतःला बजावलं की दालन उघडायचंय, भाषण पाठ आहे, आणि भिंती साक्ष देत नसतात.

शनिवारी दुपारी दालन भरलं. ऊन उंच खिडक्यांतून आत आलं होतं. नॅडीन ताठ उभी राहिली आणि चांगलं बोलली. ती नेहमीच चांगलं बोले. व्हेदर्बीनं आधी पिस्तूल उपसलं, इथे ती थांबली आणि टाळ्या आल्या.

मग तिनं झडप उघडली, सहाही रिकामी घरं सगळ्यांना दाखवली.

"काचेआड गेलं की हत्यार मरतं," ती म्हणाली. "त्याआधी पहिल्या रांगेनं हातात घेऊन बघा." संग्रहालयाच्या बाईंनी नको म्हणून मान हलवली. पण नॅडीनला आता बघायचंच होतं.

टोकाच्या महापौरांनी पिस्तूल घेतलं, सिलिंडर फिरवून पाहिला, शेजारी दिलं. उठून उभे राहिले. हात वर केले.

आणि या वेळी ते खाली आले नाहीत.

शेजारचा उठला. त्याच्या पलीकडली बाई उठली. गस उठला. ऑरिन उठला. एकेकाचे हात वर गेले, आणि एकेक जण सावकाश वळला, नॅडीनकडे पाठ करून. मागच्या रांगांतले लोक, ज्यांनी पिस्तुलाला बोटही लावलं नव्हतं, तेही उठू लागले. खुर्च्यांच्या पायांचा आवाज झाला. बाकी काही नाही.

आयव्हा आत्या चाकाच्या खुर्चीत पाठमोरी होती. खुर्ची कोणी वळवली, नॅडीननं पाहिलं नाही. आत्याचे हात सरळ वर होते, बोटं सुटी, मोकळी.

ओल्या गवताचा वास आला.

पिस्तूल नॅडीनच्या हातात होतं. कोणी आणून दिलं, आठवेना. तिनं वाट पाहिली, आता आपलेही हात वर जातील.

गेले नाहीत.

उलट अंगठा घोड्यावर गेला. घोडा मागे आला, चार टिचक्या वाजल्या. सिलिंडर एक घर फिरला. हातातलं वजन मघापेक्षा जास्त होतं. आयुष्यभर तिनं ही हत्यारं तोलली होती. रिकामं आणि भरलेलं तिला डोळे मिटून कळे.

समोर ऑरिनची पाठ होती. आज त्यानं चांगला निळा सदरा घातला होता. खांद्यांमधे घामाचा ओला डाग.

नेम अचूक धरलेला होता. हात जराही थरथरत नव्हता. इतक्या जवळून कोणाचीच चुकली नसती. चुकलीही नव्हती. म्हणूनच भिंतीत भोक नव्हतं.

बोट चापावर आवळत होतं. तिला ते सोडवेना. फक्त तोंड तेवढं अजून तिचं होतं.

पणजोबा. शाळा. रस्ता. आत्याचं चांगलं घर.

"त्याचे हात वर होते," नॅडीन म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "पाठ होती आपल्याकडे. कॅल व्हेदर्बीजवळ पिस्तूल नव्हतंच. हे मार्शलचं. हे आमचं आहे."